शाळेसाठी पहिली दुर्बीण कोणती?

शाळेच्या विज्ञान साहित्यासाठी ग्रामपंचायतीने अथवा गावकऱ्यांनी काही रक्कम उभी केली, की आकाशदर्शनासाठी एक दुर्बीण घ्यावी, असा विचार पुढे येतो. तो स्तुत्यच आहे. परंतु घाईने घेतलेली दुर्बीण दोन-चार रात्रींनंतर कपाटात जाऊन पडते आणि मुलांची उत्सुकता तेथेच मावळते. खर्च झालेल्या पैशापेक्षा ही हानी मोठी होय.

दुर्बिणीची योग्यता ती वस्तू किती पट मोठी दाखविते, यावरून ठरत नाही. ती तिच्या पुढील भिंगाच्या व्यासावरून ठरते. ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाला सुमारे १२० पटींपलीकडे वर्धन पेलवत नाही. म्हणून खोक्यावर ‘४०० पट’ असे छापलेले असल्यास ते प्रलोभन समजावे.

नवशिक्याला द्विनेत्री दुर्बीण अधिक उपकारक ठरते. ‘१० × ५०’ या खुणेचा अर्थ वर्धन १० पट व भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर असा आहे. तिच्यातून एका वेळी आकाशाचा सुमारे ६ अंशांचा, म्हणजे बारा चंद्रबिंबे ओळीने मावतील एवढा पट्टा दिसतो. प्रतिमा सुलटी असल्याने नक्षत्रे शोधणे सुकर होते. कृत्तिकांचा पुंज, मृगातील तेजोमेघ, देवयानी दीर्घिका आणि चंद्रावरील मोठी विवरे तिच्यातून पाहता येतात. हात स्थिर नसल्यास ती तिवईवर बसवावी. मग गुरूचे चार मोठे चंद्रही दिसतात.

शनीची कडी मात्र तिच्यातून उलगडत नाहीत. त्यासाठी निदान २५ ते ३० पट वर्धनाची छोटी दुर्बीण हवी. शिवाय वर्गातील चाळीस मुलांना एकच वस्तू दाखवावयाची असल्यास एकदा रोखलेली दुर्बीण सोयीची पडते. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे वस्तू दृष्टिक्षेत्रातून सतत सरकत राहते. १०० पट वर्धनात ती सुमारे दोन मिनिटांतच निसटते. म्हणून भक्कम तिवई, कमी वर्धन आणि दुर्बीण वारंवार नेमकी रोखू शकणारा शिक्षक, या तीन गोष्टी असतील तरच ती घ्यावी. तिवई डळमळीत असेल तर उत्तम भिंगही व्यर्थ होय.

यास्तव आधी द्विनेत्री व एक तारकानकाशा घ्यावा. मुलांना आकाशाची ओळख झाल्यावर दुर्बिणीचा विचार करावा. चंद्र पौर्णिमेपेक्षा शुद्ध सप्तमी-अष्टमीस दाखवावा. त्या वेळी विवरांच्या सावल्या लांब पडतात व उठाव स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, म्हणून उपकरण कोरड्या, बंद डब्यात ठेवावे. कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू देऊ नये. दृष्टी कायमची जाऊ शकते. हा नियम उपकरणाच्या डब्यावरच ठळक लिहून ठेवावा.

साधन लहान असले तरी चालेल. ते वर्षभर मुलांच्या हाती राहिले पाहिजे. शाळेने खरेदी करताना हीच कसोटी लावावी.