हातपाय गाळलेली माणसं



मानसशास्त्राचा पसारा अफाट आहे. त्यातलं एकच सूत्र मी आज हाती धरणार आहे, कारण ते मला माझ्या चुकीतून कळलं.

तीसेक वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. कशातच मन रमत नव्हतं, सकाळी उठवत नव्हतं, वह्या तपासायला घेतल्या की डोळे भरून यायचे. मी नवखा होतो. म्हणालो, ‘बाई, दोन महिने रजा घ्या. कसलीही दगदग नको, आराम करा.’ घरच्यांनी माझा सल्ला तंतोतंत पाळला. स्वयंपाक सासूबाईंनी हाती घेतला, मुलांचे डबे जाऊबाई करू लागल्या, बाजारहाट यजमानांकडे गेला. दोन महिन्यांनी बाईंना हाताला धरून आणावं लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘सर, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे आता मला कळलं.’

माझ्या सल्ल्यानं त्यांच्या निराशेला पुरावा मिळवून दिला होता. असं का झालं, हे समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

1967 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसायचे, पण डोक्यानं एक फळी दाबली की ते थांबायचे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ. फक्त थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. नंतर या कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथं एक बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटानं उडी मारली. दुसऱ्या गटातले बहुतेक जागीच कण्हत पडून राहिले. हे प्रयोग क्रूर होते. ते वाचताना आजही मला त्रास होतो, आणि शिकवताना तसं सांगितल्याशिवाय मी पुढं जात नाही. या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ असं नाव मिळालं.

पुस्तकं बहुधा इथंच थांबतात. पण त्या कुत्र्यांचं पुढं काय झालं? कुंपण खाली करून पाहिलं, पलीकडं खाऊ ठेवून बोलावलं. उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यातल्या दोरीनं त्यांना ओढून पलीकडं न्यावं लागलं. एकदा नाही, पुन्हापुन्हा. मग हळूहळू दोरीचा ताण कमी होत गेला आणि कुत्री आपली आपण जाऊ लागली. पाय आधी हलले, भरवसा मागून आला.

याहून मोठी गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षांनी घडली. मायर मधल्या काळात मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. 2016 मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की आपला मूळ सिद्धांत उलटा होता. असहायता शिकावी लागतच नाही. त्रास लांबला की गप्प पडून राहणं ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच : ‘माझ्या करण्यानं काही बदलतं.’ ही जाणीव झाली की मेंदूचा पुढचा भाग त्या जुन्या प्रतिक्रियेला आवर घालतो. ज्या सिद्धांतानं आपल्याला नाव मिळवून दिलं, तोच चुकला होता असं छापून सांगायला मोठं मन लागतं. मानसशास्त्रानं स्वतःलाही असंच तपासलं आहे : 2015 मध्ये त्यातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्यांहून कमी अभ्यासांत मूळ निष्कर्ष टिकला. ज्या शास्त्राला स्वतःची अशी झडती घेता येते, त्याच्यावर माझा विश्वास त्यामुळं वाढतोच.

आता घरातला माणूस पाहा. नोकरी गेलेला मुलगा दुपारपर्यंत लोळतो. बाप म्हणतो आळशी आहे, आई म्हणते पडू द्या बिचाऱ्याला. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. पडून राहिल्यानं क्षणभर बरं वाटतं, म्हणून तो पुन्हा पडून राहतो. मित्रांचे फोन टाळतो, मग ते यायचे थांबतात. आनंद देणारं काही घडायची शक्यताच उरत नाही, आणि मन आणखी खचतं. ‘आधी बरं वाटू दे, मग करीन’ असं तो म्हणतो. उपचारात हा क्रम बदलावा लागतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले नील जेकबसन आणि त्यांचे सहकारी यांनी 1996 मध्ये दाखवलं की नैराश्यावरच्या संपूर्ण उपचारपद्धतीतला फक्त कृतीचा भाग वापरला, तरी जवळपास तेवढाच गुण येतो.

हा उपचार आपल्या दारात, गोव्यात, पारखला गेला, याचा मला फार आनंद आहे. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले 495 रुग्ण निवडले. निम्म्यांना डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते तिथलेच, या कामाचं आधी कुठलंही शिक्षण नसलेले आणि काही आठवड्यांच्या प्रशिक्षणातून तयार झालेले होते. दिवसभरात काय केलं, तेव्हा मन कसं होतं, हे रुग्णाबरोबर पाहायचं; त्यातून एखादं छोटं काम ठरवायचं; पुढच्या भेटीत त्याबद्दल बोलायचं. तीन महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होतं. 2017 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

याचा कोणी असा अर्थ काढू नये की ‘ऊठ, कामाला लाग’ असं दरडावलं की झालं. ती मंडळी कुणाला दरडावत नव्हती, शेजारी बसत होती. काम माणसाला पेलेल एवढंच हवं, आणि त्याला स्वतःला महत्त्वाचं वाटणारं हवं. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवणं हेच पहिलं काम. औषधांची गरज असेल तिथं ती द्यायलाच हवीत. आणि कर्जानं पिचलेल्याला नुसती दिनचर्या आखून देऊन आपण मोकळे झालो, तर तो अन्याय होईल.

त्या शिक्षिकांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. पुढं एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं त्यांना एवढंच सांगितलं : धाकट्या मुलीची वेणी रोज तुम्हीच घालायची. पहिल्या दिवशी अर्धी वेणी झाली आणि त्या रडत बसल्या. आठवड्यानं पूर्ण झाली. चार महिन्यांनी त्या वर्गात उभ्या होत्या.

मराठीनं खचलेल्या माणसाला ‘हातपाय गाळले’ असं म्हटलं, निराशा थेट अंगात दाखवली. आपण समुपदेशक मात्र आपल्या पत्रकांतून ‘अवसाद’, ‘विषण्णता’ असे शब्द वापरतो आणि लोक आपल्याकडे येत का नाहीत म्हणून विचारात पडतो. समोरचा माणूस ‘टेन्शन आहे’ म्हणतो, ‘उमेद गेली’ म्हणतो, ‘अंगात त्राण नाही’ म्हणतो. शेतकरी नुसतं ‘शेताकडं बघवत नाही’ म्हणतो. त्याचा शब्द आपल्या नोंदवहीत आला पाहिजे.

म्हणून समुपदेशकांच्या या परिषदेत एक काम करावं, अशी माझी विनंती आहे. आपापल्या गावात, तालुक्यात लोक हे दुखणं ज्या शब्दांत सांगतात, ते शब्द लिहून द्या. जसेच्या तसे, शुद्ध न करता. दुपारच्या सत्रात आपण ते वाचू. कोरी कार्डं दाराशी ठेवली आहेत.