पैसे देऊन पायी

आमच्या देवगाव फाट्यावर चालण्याला कुणी छंद म्हणत नाही. जालन्याहून मंठ्यामार्गे जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलूचा रस्ता इथं एकमेकांना भेटतात. एसटी चुकली की माणूस चालतो, शेत लांब असलं की चालतो, बाजाराला गाडी मिळाली नाही की चालतो. त्यामुळं २०१९च्या जुलैत मी हॉटेलाच्या बाकड्यावर बसून सांगितलं की, पन्हाळगडावरून पावनखिंडीपर्यंत डोंगरातून पायी जायचंय, वाटाड्या सोबत असणार, रात्रीचा मुक्काम वाड्यांवर लोकांच्या घरी, आणि त्याचे पैसे आधीच भरलेत, तेव्हा एकानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "पैसे देऊन पायी? कामून?"

प्रश्न रास्त होता. त्या वर्षी आमच्याकडं पाऊस लांबला होता. पेरणी करावी की थांबावी या विवंचनेत गाव होतं, आणि पन्नाशीला टेकलेला एक कवी पाठीवर पिशवी टाकून पाऊस बघायला कोल्हापूरकडं निघाला होता. मी उत्तर दिलं नाही. चहाचे पैसे दिले आणि गाडीत बसलो.

ही वाट महाराष्ट्राला पाठ आहे, निदान शाळेच्या पुस्तकातून. १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडलेला. १२ जुलैच्या रात्री भर पावसात शिवाजी महाराज निवडक मावळे घेऊन गडाखाली उतरले आणि विशाळगडाकडे निघाले. शिवा काशिदांनी पालखीत बसून मरण पत्करलं. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या माणसांनी पाठलागावरची फौज अडवून धरली. त्या खिंडीची पुढं पावनखिंड झाली. दरवर्षी जुलैत त्याच दिवसांत शेकडो माणसं ही वाट चालतात. कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या संस्था माणसं नेतात. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. आमच्या तुकडीनं सवडीनं दोन मुक्काम ठरवले होते.

वाटेवरच्या वाड्यांची नावं मी वहीत उतरून घेतली होती. तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग मसाईचं पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरेपाणी. नुसती म्हणत गेलं तरी पाय पडत जातात. तुरुकवाडी हे नाव ऐकून एक पोरगा माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं, वाडीनं सांभाळलं, यात बिघडलं काय?

सपाटीच्या माणसाला मसाईचं पठार फार फसवतं. आमच्याकडची काळी रानं सपाट असतात तसंच हे सपाट, पण डोंगराच्या डोक्यावर. काळ्या मातीच्या जागी जांभा दगड, त्यावर बोटभर माती आणि गवत, मध्येच पाण्यानं भरलेली डबकी. धुकं इतकं की पुढच्याची पिशवी दिसली तर दिसली. आडवा पाऊस कानात शिरतो. अशा जागी वाटाड्याची किंमत कळते. आमचा वाटाड्या पंचविशीचा, कोल्हापूरचा. दर अर्ध्या तासाला थांबून तो डोकी मोजायचा. चाळीस भरली की शिट्टी, मग पुढं. इतिहास सांगताना त्याचा आवाज चढायचा. मोजताना मात्र तो एकदम हळू बोलायचा. मला त्याचं मोजणं जास्त आवडलं.

पहिला मुक्काम करपेवाडीत. संध्याकाळी आम्ही चिखलानं माखून पोचलो. निम्मी माणसं एका घरी, निम्मी शेजारी. घराला लांबलचक सोपा, एका अंगाला गोठा. जनावरांच्या अंगाची ऊब सोप्यापर्यंत येत होती. आम्ही टेकलो, बूट काढले, मोजे पिळले, आणि चुलीकडं धाव घेतली. चुलीपुढं बसलेली बाई दिवसभर रोपलावणीला होती. जुलै म्हणजे भाताच्या लावणीचा महिना. वाकून, घोटाभर चिखलात, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकची खोळ घेऊन दिवस काढायचा आणि घरी येऊन पाहुण्यांचं बघायचं. वीस माणसं, माणशी दोन धरल्या तरी चाळीस भाकरी. तिची सासू पीठ मळून देत होती, सून थापत होती, आणि आमच्यातला एक जण चुलीच्या कडेला मोजे वाळत घालत होता.

तिथं मला लाकडं दिसली. सोप्याच्या कोपऱ्यात छताला टेकेल अशी रचलेली. चैत्र-वैशाखात डोंगरातून आणून, फोडून, वाळवून ठेवलेली. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. त्या रात्री आमच्या कपड्यांसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी त्यातली किती जळाली, कुणी मोजलं नाही. दरात जेवण धरलेलं असतं, झोपायची जागा धरलेली असते, लाकूड धरलेलं नसतं.

जेवणं झाल्यावर घरमालकाशी गप्पा निघाल्या. मी सरळ विचारलं, "दर कोण ठरवतं?" तो म्हणाला, "आमी कुठं ठरवतोय? त्येनीच ठरवत्यात. न्हाई म्हटलं तर फुडच्या वाडीला जात्यात." तक्रारीचा सूर नव्हता. पावसाबद्दल बोलावं तसं तो बोलला.

मग म्हातारीनं मला नाव विचारलं. मी सांगितलं. सोप्यावर क्षणभर शांतता झाली. अशी शांतता ओळखायची मला सवय आहे. म्हातारीला मात्र वेगळीच चिंता पडली होती. ती म्हणाली, "बरं झालं बाई कोंबडं केलं न्हाई. तुमच्यात कापायची रीत निराळी. आमच्यात बी बकरं मुलाणीच कापतोय, पर एवढ्या पावसात त्येला कुठनं आणावं?" आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली. नाचणीची होती. आमची ज्वारीची भाकरी बोलकी असते, मोडताना आवाज करते. ही गप्प असते.

रात्री वाटाड्यानं वेढ्याची हकीकत सांगितली. सिद्दी जौहरचं नाव आलं की पोरं चवताळून उठायची. त्याचं सांगून झाल्यावर मी एवढंच जोडलं की, तो वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकर आले होते, त्यांच्याबरोबर महाराजांच्या बाजूनं लढणारा सिद्दी हिलाल होता, आणि त्याचा तरुण मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. पोरं ऐकत राहिली. एकानं विचारलं, "हे पुस्तकात का नाही?" वाटाड्या म्हणाला, "आहे, आपण वाचत नाही." दुसऱ्या दिवसापासून डोकी मोजायच्या थांब्यांवर तो सिद्दी हिलालचंही नाव घेऊ लागला.

आता मूळ गोष्टीकडं येतो. वाटेवर अनोळखी माणसाला घरात घेणं आपल्याला नवं नाही. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी आमच्या परभणी जिल्ह्यातून जाते. गावं पंगती देतात, त्यासाठी चढाओढ लागते, आणि पैशाचं नाव निघत नाही. फाट्यावरही शेवटची गाडी चुकलेला माणूस कुणाच्या तरी ओट्यावर झोपतो. माझ्या वडिलांच्या सायकलीच्या दुकानापुढं असे कितीतरी झोपले. सकाळी उठून ते तोंड धुवायचे आणि निघून जायचे. आम्ही त्यांना पाहुणा म्हणत नव्हतो, गिऱ्हाईकही म्हणत नव्हतो.

पण डोंगर चालायला येणारा माणूस वारकरी नाही आणि अडलेला प्रवासीही नाही. त्याला जेवू घालून पुण्य लागतं असं वाडी मानत नाही, आणि तो अडलेला तर मुळीच नसतो. पंधरा दिवस आधी त्याचं सगळं ठरलेलं असतं. तो स्वतःच्या हौसेनं येतो, तेही रोपलावणीच्या ऐन हंगामात. त्याच्याकडून पैसे घेण्यात लाज वाटावी असं काही नाही. आपल्याकडं पाहुणचाराचं मोल केलं की तो बाटतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते बहुधा जेवणारे असतात, भाकऱ्या थापणारे नसतात. माझं म्हणणं उलट आहे. मोल करावं, फक्त ते चुलीच्या बाजूनं व्हावं.

हे कुठं होतच नाही असंही नाही. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात या शतकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी आपल्या घरांत गिर्यारोहकांना ठेवायला सुरुवात केली. हिमबिबट्या शेळ्या-मेंढ्या मारायचा आणि लोक त्याच्यावर चिडलेले असायचे. डोंगरातून काही मिळकत व्हावी म्हणून हा उद्योग उभा राहिला. त्यातली मला पटलेली गोष्ट पाळीची. पाहुणे आले की ज्या घराची पाळी, त्या घरी जायचं. रस्त्यालगतचं घर, पाटलाचं घर, इंग्रजी येणाऱ्याचं घर अशी निवड नाही. आपल्याकडं अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांत जेवतात. डोंगराळ भागातली पुष्कळ माणसं पावसाळा सरला की पोटासाठी खाली बागायती गावांत उतरतात. आमच्या मराठवाड्यातला ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतो, तशीच ती गत. अशा गावाकडं बाहेरचा माणूस चालत येतो आणि गावाच्या दरानं जेवतो, ही साधी गोष्ट नाही.

दुसरा मुक्काम पांढरेपाण्याला झाला आणि सकाळी आम्ही खिंडीत उतरलो. ओढ्याला पाणी मोठं होतं. वाटाड्यानं सगळ्यांना गप्प बसवलं. पाण्याच्या आवाजात घोषणा ऐकू आल्या नसत्याच. मला तिथं फार काही सुचलं नाही, आणि सुचलं असं सांगणाऱ्या कवींवर माझा विश्वास नाही. पाय दुखत होते.

तिथून गाडीनं विशाळगडाच्या पायथ्याकडं निघालो. वाटेत गजापूर लागतं. तिथं आम्ही चहाला थांबलो. मुसलमानवाडीतल्या एका घराच्या पडवीत चुलीवर चहा उकळत होता. मला त्यांनी घरचा माणूस असल्यासारखं आत बोलावलं, माझ्या मागोमाग पोरंही आली. ओल्या कपड्यांनी सगळी पडवी ओली केली. कुणी काही म्हणालं नाही. चहाचे पैसे आम्ही दिले आणि त्यांनी घेतले.

१४ जुलै २०२४ रोजी, पावनखिंडीच्या लढाईच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी, विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी जमावानं गजापूरच्या या वाडीत घरांची, गाड्यांची आणि मशिदीची मोडतोड केली. गड आणि तिथलं बांधकाम हा वेगळा प्रश्न, त्याला न्यायालयं आहेत. ही वाडी गडावर नाही. फाट्यावर वर्तमानपत्र दुपारी हातात पडलं. फोटोत पडलेलं सामान होतं. ती पडवी त्यातली कोणती, हे मला ओळखता आलं नाही. माझ्याबरोबर चाललेल्या पोरांपैकी दोघांचे त्या संध्याकाळी फोन आले. एक जण बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, आपण तिथं चहा प्यालो होतो ना?" मी हो म्हणालो.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. ज्या वाटेवर आपण चालतो, तिथली घरं आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली चित्रं वाटू लागतात. करपेवाडीतली चूल आणि गजापूरची पडवी या आजच्या माणसांच्या आहेत. तिथं थांबलेल्या माणसाला घर कोणाचं, त्याचं नाव काय, एवढं तरी ठाऊक असावं. आमच्या यादीत चालणाऱ्या चाळीस जणांची नावं, वय आणि रक्तगट होते. मुक्कामाच्या घरांपुढं फक्त 'करपेवाडी' असं लिहिलेलं होतं.

२०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात पन्हाळा आहे. आता चालायला येणाऱ्यांची गर्दी वाढेल. पायथ्याशी हॉटेलं होतील, ती व्हावीत. वाड्यांवरच्या सोप्यांचं काय होईल, याची मला काळजी वाटते. माणशी दर पाडून वीसच्या जागी पन्नास माणसं कोंबली, की सोपाही गेला आणि पाहुणाही गेला.

करपेवाडीच्या घरमालकाचा नंबर माझ्याकडं आहे आणि माझा त्याच्याकडं. तरवं काढायच्या सुमाराला त्याचा फोन येतो. आमच्याकडं पाऊस पडला का विचारतो, मी त्याच्याकडचा विचारतो. मागच्या खेपेला त्यानं सांगितलं की, म्हातारी बरी आहे, सुनेनं या वर्षी पाहुण्यांच्या दिवसात लावणीला जायचं नाही असं ठरवलंय, आणि शेजारच्या दोन घरांशी बोलून तिघांनी एकच दर सांगायचा ठरवलाय. कोल्हापूरच्या एका संस्थेनं तो मान्य केला, दुसरीनं केला नाही. "पन्नास माणसं आणतो म्हणाली ती," तो म्हणाला. "मी म्हटलं, पंधरा आणा. लाकडं तेवढीच हायती."