विस्मृतीतही माणूस उरतो



‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायामुळे मराठी कानांना चिरपरिचित आहे. तेथे तो क्रोध आणि मोह यांच्या परिणामी येतो. वार्धक्यात जडणारा स्मृतिभ्रंश मात्र कोणाच्या क्रोधाचे वा पापाचे फळ नव्हे. मेंदूच्या पेशींचा क्षय करणारा तो रोग आहे. त्याच्या एका प्रमुख प्रकाराचे वर्णन जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली केले. त्यास शतक उलटून गेले, तरी रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. मग रुग्णाचे सुख कशावर अवलंबून राहते, हाच खरा प्रश्न होय.

गोव्यात या रुग्णांचा भार मुख्यतः कुटुंबच वाहते. तेथील ८१ कुटुंबांच्या सहभागाने झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित साहाय्यकांनी घरी जाऊन मार्गदर्शन केल्याने शुश्रूषा करणाऱ्यांचा मनस्ताप कमी झाला. परंतु मुले परगावी, सून नोकरीत, रात्री जागरण, अशा स्थितीत काही घरांना वृद्धाश्रमाचा आश्रय घ्यावाच लागतो. त्यात लज्जास्पद काही नाही. मात्र दाराशी माणूस पोहोचविला म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणे चुकीचे ठरेल.

ब्रिटनमधील आल्झायमर्स सोसायटीने २००७ साली तेथील शुश्रूषागृहांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. सहा तासांच्या निरीक्षणात, शुश्रूषेची नित्याची कामे वगळता, सर्वसामान्य रुग्णाच्या वाट्याला आलेला संवाद अवघा दोन मिनिटांचा होता. अंथरूण स्वच्छ, जेवण वेळेवर, औषध नेमके. आणि माणूस एकाकी! असा माणूस चिडतो, ओरडतो, येरझारा घालतो. त्याला गप्प करण्यासाठी मनोविकारांवरील तीव्र औषधे दिली जात. २००९ साली प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश शासनासाठी केलेल्या परीक्षणात, अशा औषधांपायी त्या देशात दरवर्षी सुमारे १,८०० अधिक मृत्यू होत असल्याचा अंदाज वर्तविला. ही औषधे वैद्याला न विचारता थांबवू नयेत. परंतु त्यांची गरज अजून आहे काय, हे वैद्याला अवश्य विचारावे.

ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवूड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात रोगाआधी व्यक्तीकडे पाहण्याचा आग्रह धरला. धीर, जिव्हाळा, चारचौघांत स्थान, हाताला काम आणि स्वतःची ओळख या रुग्णाच्या पाच गरजा. आणि त्या सर्वांच्या मध्यभागी प्रेम, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा केवळ सद्भाव नव्हे. क्लाइव्ह बॅलर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ६९ शुश्रूषागृहांत ८४७ रुग्णांच्या सहभागाने नऊ महिन्यांचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सेवकवर्गाला व्यक्तिनिष्ठ शुश्रूषेचे शिक्षण दिले आणि प्रत्येक रुग्णासाठी आठवड्यातून सुमारे एक तास आवडीच्या संवादाचा राखला. रुग्णांचे जीवनमान सुधारले, अस्वस्थता घटली आणि खर्चही नेहमीपेक्षा कमी आला.

परंतु आवड कोणती, हे सेविकेला कसे कळावे? तिन्हीसांजेला एखादी आजी दाराकडे धावते. सेविकेला ते पलायन वाटते. घरच्यांना मात्र ठाऊक असते की पन्नास वर्षे त्याच वेळी तिने तुळशीपुढे दिवा लावला आहे. तिला अडविण्याऐवजी वाती वळण्यास कापूस हाती दिला, तर तिची तगमग शमण्याचा संभव अधिक. म्हणून कुटुंबाने रुग्णाबरोबर औषधांच्या चिठ्ठीसारखेच त्याच्या आयुष्याचे एक पानही द्यावे : माहेर, व्यवसाय, बोलभाषा, आवडते पदार्थ, भजने, भीती, आणि लाडाचे नाव. भेटीस गेल्यावर ‘मला ओळखलेस का?’ अशी परीक्षा न घेता स्वतःचे नाव सांगावे आणि शेजारी बसावे. नाव विसरले जाते. जवळ कोणी बसले, याचे समाधान मागे उरते.

देवस्थानाच्या नोंदवहीत महाजनांची नावे पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात. एखादा वृद्ध महाजन स्वतःचे नाव विसरला, तरी वहीतले नाव पुसले जात नाही. ज्याची स्मृती हरपली, त्याची ओळख अशीच आप्तांनी आपल्यापाशी सांभाळावी आणि वृद्धाश्रमात आठवड्यातून एक तास ती त्याला परत द्यावी.