पैलवानांच्या गावात डॉक्टरांचे स्वागत

देशभरातून आलेले डॉक्टर, आहारतज्ज्ञ, व्यायामशास्त्राचे प्राध्यापक, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या तालमीतल्या पोरांनो,

आई अंबाबाईच्या आणि राजर्षी शाहू छत्रपतींच्या या कोल्हापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. मी डॉक्टर नाही, गुळाचा व्यापारी आहे. आहार आणि वजनांचा व्यायाम यांनी माणसाचे स्नायू कसे वाढतात, हा आपल्या अधिवेशनाचा विषय मी समितीच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "त्याला परिषद कशाला? गंगावेशेच्या तालमीत जाऊन विचारा की!" त्यांची समजूत काढण्यात पाऊण तास गेला. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि भोजन समितीचे प्रमुखही तेच आहेत.

पण त्यांचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचे कलोसियम त्यांच्या मनात भरले, आणि त्यातून खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. १९०७ ला काम सुरू झाले, १९१२ ला पुरे झाले. मधला हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी बांधणी की सर्वांत मागच्या माणसालाही पैलवानाचा पट काढताना दिसावा. आजच्या या सभागृहात खांबामागे बसलेल्या प्रतिनिधींना मी काय म्हणतो ते पटेल. हे अधिवेशन खासबागेला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहात घ्यावे, अशी आमच्यातल्या जुन्या लोकांची फार इच्छा होती. २०२४ च्या ऑगस्टमधल्या आगीत ते नाट्यगृह जळाले, त्या रात्री हे शहर झोपले नव्हते. त्याविषयी जास्त बोलवत नाही.

मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे आपण ऐकली असतील. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, दोघेही कोल्हापूरच्या मातीत तयार झाले. ती माती कशी, तर लाल, चाळलेली, ताक, हळद, तेल आणि लिंबाचा रस घालून मुरवलेली. पोरगं तालमीत दाखल झालं की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात फावडं यायचं. हौद उकरायचा, मग जोर, मग बैठका, मग दोर चढणे. आता खरे सांगायचे तर कित्येक तालमींत माती कमी आणि फुटबॉल जास्त झाला आहे. पाटाकडील तालमीच्या पोरांचा सामना असला की पेठेत दुसरा विषय नसतो. कोल्हापूरला नाद लागतो, एवढेच आमच्या हातात असते. कशाचा लागेल ते सांगता येत नाही.

पण मला आज ज्यांचे नाव मुद्दाम घ्यायचे आहे, ते पैलवान नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्यांचे विद्यार्थी. १९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली, तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, दारोदार फिरून झाले, तरी खड्डा भरेना. तेव्हा खर्डेकर सरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावून त्या पैशातून सरांचे घर सोडवले, असे आमच्याकडे सांगतात. खाशाबांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आणि असायलाच हवे. पण आपल्या कॉलेजच्या एका पोरासाठी डोक्यावरचे छप्पर गहाण टाकणारा प्राचार्य या गावात होता, हे आजच्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे? या अधिवेशनासाठी पावतीपुस्तक घेऊन मी जिथे जिथे गेलो, तिथे हीच गोष्ट आधी सांगितली. तिचा उपयोग झाला, हे कोषाध्यक्ष सांगतीलच.

आता विषयाकडे येतो, कारण अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले. आमच्या सूनबाई आहारशास्त्र शिकवतात. भाषणात चार ओळी शास्त्राच्या असाव्यात, म्हणून त्यांनी मला समोर बसवून एक प्रयोग समजावला. १९९४ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या शंभर दुबळ्या वृद्धांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ८७. दहा आठवडे काहींना पायांचा वजनी व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्हीपैकी काहीच नाही. ज्यांनी वजने उचलली, त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून वाढली. नुसते पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा होता तिथेच राहिला. मी सूनबाईंना म्हटले, आमचे वस्ताद हेच सांगत होते की! जोर मारून घाम निथळल्याशिवाय थंडाईच्या कुंडीला हात लावायची सोय नव्हती. बदाम, खसखस, बडीशेप रगडायचे तेही पैलवानानेच.

मात्र पुढचा आकडा ऐकून मी गप्प झालो. वजनी व्यायाम करणाऱ्यांवरचे ४९ प्रयोग एकत्र करून २०१८ साली हिशेब मांडला गेला. दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत स्नायूंना फायदा दिसतो. त्यापुढे कितीही खाल्ले तरी स्नायू सरासरीने जास्त वाढत नाहीत. सत्तर किलोच्या गड्याला म्हणजे सुमारे ११२ ग्रॅम. साध्या माणसाची आपल्याकडची शिफारस ०.८३ ग्रॅमची, म्हणजे त्याच गड्याला ५८. आमच्याकडच्या खुराकाच्या ज्या कथा आहेत, त्या या हिशेबात कुठेच बसत नाहीत. आणि एक दुखणे आम्ही रोज पाहतो. पैलवानाची माती सुटते, लग्न होते, पोटाचा धंदा सुरू होतो, पण दूध-तूप आणि मटण सुटत नाही. चाळिशीत पोट, पन्नाशीत साखर. त्यांच्यासाठी या अधिवेशनातून मराठीत एखादे चार पानी पत्रक निघाले, तर ते तालमीतालमीतून वाटण्याची जबाबदारी मी आत्ता घेतो. दुसरीकडे मागे उभी असलेली ही पोरं बापाच्या उसाच्या बिलातून पावडरीचे डबे आणतात. काही ठिकाणी तर इंजेक्शनेही चालतात. त्यांच्यासमोर दोन शब्द सांगाल, तर वस्तादांपेक्षा तुमचे जास्त ऐकतील.

व्यवस्थेबद्दल आधीच माफी मागतो. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असल्याने देवळाजवळची लॉज भरलेली होती. काही प्रतिनिधींची सोय लांब कावळा नाक्याकडे करावी लागली. ध्वनिवर्धक सकाळपासून तीनदा बंद पडला. तो पुन्हा बंद पडला, तर मी मोठ्याने बोलेन, मला सवय आहे. दुपारच्या जेवणाला तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्ही आहेत. बाहेरच्या पाहुण्यांनी पांढऱ्यापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती. शाकाहारी मंडळींची पंगत डाव्या हाताला आहे. तिथे उसळ आणि दही पुरेसे ठेवा, अशी सूनबाईंची सक्त ताकीद होती, ती पाळली आहे. थंडाई संध्याकाळी मिळेल, आणि तिच्यात बदामाशिवाय काहीही घातलेले नाही, हे भोजनप्रमुखांनी मला शपथेवर सांगितले आहे.

शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्यांचे आभार, त्यांनी वादावादी न करता पावती फाडली. गुजरीतल्या सराफांचे आभार, त्यांनी थोडी वादावादी करून फाडली. लक्ष्मीपुरीच्या धान्य व्यापाऱ्यांनी तांदूळ आणि डाळ दिली. चप्पल लाइनच्या बंधूंनी अध्यक्षांसाठी पायताणांचा जोड दिला, माप चुकले असल्यास तो बदलून मिळेल. दूध देणाऱ्या गवळीबांधवांनी नाव जाहीर करू नका असे सांगितले आहे, म्हणून करत नाही. मंडप, खुर्च्या, पिण्याचे पाणी, शहरात गाड्या लावायची जागा, या प्रत्येकामागे कुणाचे तरी पाय झिजले आहेत. स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्या कॉलेजच्या मुलींचे विशेष आभार. कालच पुस्तकांची जड खोकी दुसऱ्या मजल्यावर त्यांनीच चढवली. आमचे पैलवान तेव्हा नाश्ता करत होते.

संध्याकाळी पाच वाजता खासबागेकडे जाणाऱ्या गाड्या फाटकाशी उभ्या असतील. हौदात उतरायचे असेल, त्यांनी चपला बाहेर काढाव्यात. आता अधिवेशनाध्यक्षांनी सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करून मी खाली बसतो.