दोन जागांचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

नागरी हक्कांच्या लढ्याचा विषय निघाला की थोर वक्ते आणि विराट मोर्चे आठवतात. मी आज बोलणार आहे ते कापूस वेचणाऱ्या एका मजूर स्त्रीविषयी. फॅनी लू हेमर यांचा जन्म १९१७ साली, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, वाट्याने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षीच कापूस वेचू लागल्या. आपल्याला मताचा हक्क आहे हे त्यांना कळले १९६२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्या लोकशाहीचे आणखी वर्णन करायला नको.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा जणांसह त्या इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेल्या. राज्यघटनेतील एका क्लिष्ट कलमाचा अर्थ लिहायला लावून त्यांना नापास करण्यात आले. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग फाजील पिवळा असल्याचे सांगून ड्रायव्हरला दंड केला. घरी मळेवाल्याचे फर्मान आले : अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षे त्या मळ्यावर राबलेल्या बाईंनी उत्तर दिले, की मी गेले ती तुमच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. त्याच रात्री त्यांना घर सोडावे लागले.

जून १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांकरवी त्यांना अमानुष मारहाण करविली. गुलामाच्या हातूनच गुलामाला मारण्याची ही जुनी रीत! मूत्रपिंडाची दुखापत जन्मभर राहिली. बाई मात्र पुन्हा कामाला लागल्या.

१९६४ च्या मे महिन्यात याच राज्यातील जॅक्सन शहरात डॉ. राममनोहर लोहियांना गोऱ्यांच्या उपाहारगृहात प्रवेश नाकारून अटक झाली होती. त्याच ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटी येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, निव्वळ गोऱ्यांच्या शिष्टमंडळाला आव्हान देत, हेमरबाईंनी आपली साक्ष दिली. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे तिकडे वळवले. पण रात्री ती साक्ष देशभर दाखवली गेली. मग तडजोड पुढे आली : दोन जागा घ्या. त्या कोणाला, हेही वरूनच ठरलेले. नामवंत पुढाऱ्यांनी मान्यतेचा सल्ला दिला. ते अप्रामाणिक नव्हते. पण एवढ्या लांबून आम्ही दोन जागांसाठी आलो नाही, असे बाईंनी सुनावले आणि शिष्टमंडळाने प्रस्ताव फेटाळला. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला; १९६८ च्या अधिवेशनात त्या रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या.

तेथेही त्या थांबल्या नाहीत. ज्याची चूल मळेवाल्याच्या हाती, त्याचे मतही त्याच्याच हाती, हे त्यांनी भोगून जाणले होते. १९६९ साली चाळीस एकरांवर त्यांनी सहकारी शेती उभारली. पुढे ती पैशाअभावी टिकली नाही. १९७७ साली त्या गेल्या त्याही गरिबीतच.

मित्रहो, तुरुंगातील मार सोसण्याची वेळ थोड्यांवरच येते. दोन जागांचा प्रस्ताव मात्र आपल्यापैकी प्रत्येकापुढे कधी ना कधी येतो. तो येईल त्या दिवशी या बाईंची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.