प्राथमिक शाळेतील संगणक आणि मुलांची सुरक्षितता
(सुवर्णमहोत्सवी शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



विषय संगणकाचा असला तरी मी त्या शास्त्राचा तज्ज्ञ नव्हे. माझी सारी सेवा प्राथमिक शाळेत झाली. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते वर्गात पाहिलेले आणि काही अंशी वर्गात चुकलेले आहे.

आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याची यथासांग पूजा झाली. खोलीला पडदे, यंत्रांवर कापडी आच्छादने, दारापाशी चपलांची रांग आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात! आठवड्यातून एक तास मुले तेथे जात आणि एका पडद्यापुढे चौघे-पाचजण दाटीवाटीने बसत. परीक्षेत प्रश्न असे, ‘संगणकाच्या भागांची नावे लिहा.’ मुले नावे बिनचूक लिहीत. माऊसला प्रत्यक्ष हात लावायला त्यांतील किती जणांना मिळाला, हे मी कधी विचारले नाही आणि मलाही ते कोणी विचारले नाही.

वास्तविक, लहान मुलांनी संगणकाशी कसे वागावे याचा विचार फार पूर्वीच झाला होता. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. एका कासवाला ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा द्यायच्या आणि त्याच्यामागे उमटणाऱ्या रेषेतून आकृती घडवायची. चौरस हवा असेल तर ठरावीक अंतर चालणे आणि ९० अंशांत वळणे, हे चार वेळा. कासव भलतीकडे गेले तर आज्ञेत कोठे चुकले ते मुलानेच शोधायचे. २००७ साली आलेले ‘स्क्रॅच’ याच विचाराचे पुढचे रूप होय.

यासाठी यंत्र हवेच असे नाही. आम्ही मैदानात एका मुलाचे डोळे बांधून त्याला यंत्र केले. त्याला कडुनिंबापर्यंत न्यायचे काम वर्गाकडे होते. ‘पाच पावले पुढे, डावीकडे वळ’ असे करीत स्वारी निघाली आणि पाण्याच्या टाकीवर हलकेच आदळली. सारे हसले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, त्याची चूक नाही. आपण थांब म्हणायला विसरलो.” संगणकशास्त्रातला एक मोठा धडा त्या पोरीने एका वाक्यात सांगितला. त्याच खेळात पुढे दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाने मध्येच आज्ञा दिली आणि आमचे ‘यंत्र’ निमूटपणे तिकडे वळले. यंत्र सांगितलेले करते. सांगणारा कोण, हे त्याला उमगत नाही. सुरक्षिततेचा पाठ येथूनच सुरू होतो. म्हणून हे दोन विषय मी वेगळे मानीत नाही.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातही ते वेगळे मानलेले नाहीत. ५ ते ७ वर्षे वयाच्या मुलाने साधा प्रोग्रॅम करावा, त्यातील चुका शोधाव्यात, स्वतःची माहिती खासगी ठेवावी आणि काही खटकले तर मदतीसाठी कोणाकडे जावे हे ओळखावे, अशी त्यात अपेक्षा आहे. यातले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याचे कारण थोडे अप्रिय आहे.

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आला. चौथीतील एक मुलगी आईच्या फोनवर अभ्यास झाला की खेळ खेळे. त्या खेळातच एका अनोळखी ‘ताई’शी तिची ओळख झाली. आधी नाव, मग शाळा, मग गणवेशातील फोटो. पुढे मागण्या वाढल्या आणि ‘नाही दिलेस तर आईला सांगेन’ अशी धमकी आली. तीन आठवडे ती पोर गप्प होती. आईच्या दृष्टीस संदेश पडले तेव्हा घाबरून त्या ते पुसायलाच निघाल्या होत्या. पुरावा जाईल म्हणून आम्ही त्यांना थांबविले आणि तक्रार नोंदविली. नंतर मी मुलीला हळूच विचारले, “बाळ, मला तरी सांगायचेस.” ती म्हणाली, “सर, तुम्हीच म्हणाला होता ना, मोबाईलवर खेळणाऱ्यांनी मला तोंड दाखवू नका.”

मी तसे म्हणालो होतो. शिस्त म्हणून म्हणालो होतो. धमकी देणाऱ्याला जी भीती हवी होती, ती मी आयतीच तयार करून ठेवली होती.

पालकहो, आपण मुलांना सांगतो की ओटीपी कोणाला सांगू नये. परंतु अनेक घरांत आजीला संदेश वाचून दाखविणारा नातूच असतो. फोनवरचा माणूस ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला, आजी ‘वाच रे बाळा’ म्हणाली, की तो वाचतो. मोठ्यांचे ऐकावे हे आपणच शिकविलेले! तेव्हा त्याला हेही शिकवावे लागेल की या एका बाबतीत आजीलाही ‘थांब’ म्हणता येते. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे तिसरीतल्या मुलाला सहज समजते.

आम्हा शिक्षकांचेही थोडे सांगतो. बक्षीस समारंभाची छायाचित्रे नाव, इयत्ता, तुकडीसह समूहावर टाकण्याचा उत्साह आम्हालाच अधिक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जी माहिती देऊ नये असे आपण मुलांना सांगतो ती आपणच वाटावी, हे विसंगत आहे.

त्या प्रसंगानंतर, शाळा पुन्हा भरल्यावर, मी शनिवारची पंधरा मिनिटे राखून ठेवली. नियम एकच : फोनवर काय घडले ते सांगायचे आणि सांगणाऱ्यावर कोणीही रागावायचे नाही. पालकांकडूनही मी तसे वचन घेतले. काहींनी ते नाइलाजाने दिले. पहिले दोन शनिवार कोणी बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, काल मी आजोबांच्या फोनवरचा आकडा एका काकांना वाचून दाखवला.” तास तेथेच थांबवून मी त्याच्या घरी फोन केला. घरच्यांनी लगेच १९३० वर तक्रार नोंदविली. काही रक्कम वाचली, काही गेली. आजोबा मात्र नातवाला रागावले नाहीत.

आपले प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.