पाव पिक्सेलची राखण



मोठ्या दुर्बिणीवरची रात्र दुपारीच सुरू होते. हवाई बेटावर मौना केआ नावाचा पर्वत आहे. त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४,१०० मीटरहून जास्त उंचीवर, केक वेधशाळेच्या दोन जुळ्या दुर्बिणी उभ्या आहेत. प्रत्येकीचा आरसा १० मीटर व्यासाचा, ३६ षट्कोनी तुकडे जुळवून केलेला. ज्यांच्या नावावर ती रात्र असते ते खगोलशास्त्रज्ञ बहुधा माथ्यावर नसतातच. ते खाली वायमिया गावातल्या कचेरीत, धाप न लागता श्वास घेता येईल अशा उंचीवर, संगणकासमोर बसलेले असतात. आणि दुपारी, घुमट मिटलेला असताना, ते दिव्यांचे फोटो काढत असतात. आकाशाचा एकही फोटो नाही, नुसते दिवे! या कामाला कुणी वर्तमानपत्रात जागा देत नाही, म्हणून म्हटलं, आकाशवाणीवर देऊ.

ज्या यंत्रासाठी हा खटाटोप चालतो त्याचं नाव डायमॉस. मंगळाच्या धाकट्या चंद्राचं नाव. हा एक वर्णपटलेखक आहे, म्हणजे ताऱ्याचा किंवा दीर्घिकेचा प्रकाश फोडून त्याचे रंग लांबवर पसरवून नोंदणारं यंत्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिक वेधशाळेच्या सांता क्रूझ इथल्या कार्यशाळेत, सँड्रा फेबर यांच्या नेतृत्वाखाली ते बांधलं गेलं आणि २००२ पासून दुसऱ्या केक दुर्बिणीवर आहे. त्यात एक पत्रा बसवतात. पत्र्याला शंभराहून अधिक बारीक फटी कापलेल्या असतात आणि प्रत्येक फट आकाशातल्या एकेका दीर्घिकेसाठी मोजून कापलेली असते. फटीतून आलेला प्रकाश ग्रेटिंगवर पडतो, म्हणजे एका मिलिमीटरात शेकडो समांतर रेषा असलेल्या पृष्ठभागावर, आणि रंग सुटे होऊन आठ सीसीडींच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकत्यांच्या, जोडपट्टीवर उमटतात. तिथे ८,१९२ गुणिले ८,१९२ पिक्सेल आहेत. एकेक पिक्सेल १५ मायक्रॉनचा.

आता हिशोब ऐका. मिलिमीटरला १,२०० रेषांचं ग्रेटिंग लावलं, तर शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये तरंगलांबीचा ०.३३ अँगस्ट्रॉमचा फरक असतो. ताऱ्यांच्या वर्णपटात ८,५०० अँगस्ट्रॉमच्या आसपास कॅल्शियमच्या तीन ठळक रेषा असतात. तारा आपल्यापासून दूर जात असेल तर त्या तांबड्याकडे सरकतात, जवळ येत असेल तर निळ्याकडे. तिथे एक पिक्सेल सरकणं म्हणजे सेकंदाला सुमारे १२ किलोमीटरचा वेग. पाव पिक्सेल म्हणजे ३ किलोमीटर. पाव पिक्सेल म्हणजे चार मायक्रॉनसुद्धा नाही. कित्येक टनांचं यंत्र रात्रभर फिरवायचं आणि त्यातला प्रकाश चार मायक्रॉनही हलू द्यायचा नाही, अशी ही मागणी आहे.

यंत्र फिरतं का? फिरावंच लागतं. केकसारखी दुर्बीण दोन अक्षांवर चालते. एक उभा, एक आडवा. तारा उगवून मावळेपर्यंत ती त्याच्यामागे फिरते, पण असं फिरताना तिच्या नजरेतलं आकाश हळूहळू कलतं. फटी दीर्घिकांवर टिकवायच्या तर यंत्रालाही तितकंच कलावं लागतं. डायमॉस दुर्बिणीच्या कडेच्या ओट्यावर आडवं पडलेलं असतं आणि आपल्या आडव्या अक्षाभोवती लोळतं. त्याच्या पोटात एक ओळंबा टांगला आहे अशी कल्पना करा. यंत्र कसंही लोळो, ओळंबा जमिनीकडेच बोट दाखवणार. यंत्राच्या आत बसून पाहिलं तर मात्र तो ओळंबाच घड्याळाच्या काट्यासारखा गरगर फिरताना दिसेल. गुरुत्वाकर्षणाची ओढ कधी चौकटीच्या या बाजूला, कधी त्या बाजूला. ज्या बाजूला ओढ, त्या बाजूला लोखंड जरासं झुकतं, भिंगाची बैठक जराशी सरकते, आणि वर्णपट काही पिक्सेल इकडचा तिकडे होतो.

मग ते आणखी भक्कम का नाही करत? हा प्रश्न कुणालाही पडेल आणि अभियंत्यांनी तो आधी स्वतःलाच विचारलेला असतो. अडचण अशी की जास्त धातू घातला की वजनही वाढतं आणि ते वजनच वाकवतं. एखाद्या सांगाड्याची लांबी, रुंदी, जाडी सगळी दुप्पट केली तर स्वतःच्या वजनाने येणारा त्याचा वाक कमी होत नाही, चौपट होतो. म्हणून छोट्या यंत्रात न जाणवणारी गोष्ट मोठ्या यंत्रात डोकं वर काढते. त्यात पुन्हा लोखंड काही दर वेळी सारखंच वागत नाही. यंत्र एक फेरी मारून त्याच कोनावर परत आलं, तरी भिंग अगदी त्याच जागी बसेल याची खात्री नाही. नाही तर प्रत्येक कोनाचा वाक एकदाच मोजून तक्ता करून ठेवला असता आणि काम भागलं असतं.

वाक थांबवता येत नसेल तर तो निरुपद्रवी करावा, हा विचार तसा जुना आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीसाठी मार्क सेरुरिए या अभियंत्याने १९३५ मध्ये एक सांगाडा आखला. त्याची दोन्ही टोकं वाकतात, पण सारखीच वाकतात आणि एकमेकांना समांतर राहतात. त्यामुळे वरचा आरसा आणि खालचा आरसा एकमेकांसमोरून ढळत नाहीत. आजही बहुतेक मोठ्या दुर्बिणी याच धर्तीवर बांधतात. जाता जाता सांगतो, या सेरुरिएंना १९७९ सालचं ऑस्कर मिळालं आहे! दुर्बिणीसाठी नव्हे हो. त्यांच्या वडिलांनी शोधलेल्या मूव्हिओला या चित्रपट-संकलनाच्या यंत्रात त्यांनी केलेल्या सुधारणांसाठी. आपल्याकडच्या जुन्या संकलकांना मूव्हिओला चांगली माहीत असेल. तिच्या घराण्यात एक दुर्बीणही आहे हे किती जणांना ठाऊक असेल, कुणास ठाऊक.

डायमॉसमध्ये याच्या पुढची पायरी आहे. तिथे वाक सतत मोजतात आणि सतत सावरतात. ताऱ्यांचा प्रकाश जिथून आत येतो, त्या फटींच्या पत्र्याच्या दोन्ही कडांना प्रकाशतंतू आणून सोडले आहेत. त्यांतून एका दिव्याचा प्रकाश येतो. दिवा तांबं आणि अरगॉन यांचा. त्याच्या रेषा कोणत्या तरंगलांबीच्या आहेत हे पक्कं ठाऊक असतं. हा प्रकाश ताऱ्यांच्या प्रकाशाबरोबर त्याच भिंगांतून, त्याच ग्रेटिंगवरून जातो आणि मुख्य सीसीडींच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या दोन छोट्या सीसीडींवर ठिपके उमटवतो. यंत्र वाकलं की तारे आणि ठिपके दोन्ही सारखेच सरकतात. संगणक पुन्हा पुन्हा ठिपके पाहतो, ते कुठे असायला हवे होते ते पाहतो आणि फरक भरून काढतो. एका दिशेचा फरक प्रकाशाची वाट वळवणारा एक आरसा किंचित कलवून, दुसऱ्या दिशेचा फरक खुद्द सीसीडींची पेटीच किंचित सरकवून. हे चाललेलं असताना मुख्य सीसीडीवर तासाभराचं चित्रण निवांत सुरू असतं.

इतका आटापिटा कशासाठी? नंतर संगणकावर वर्णपट सरळ करून घेता येत नाही का? थोडाफार येतो. पण खरी गोम तांबड्या रंगात आहे. ७,००० अँगस्ट्रॉमच्या पलीकडे आपलं आकाश काळं नसतंच. वातावरणात फार उंचावर हायड्रॉक्सिलचे रेणू स्वतःच चमकत असतात. या चमकेचे पट्टे एडन माइनेल यांनी १९५० मध्ये ओळखले. अंधुक दीर्घिकेच्या प्रकाशापेक्षा ही चमक कितीतरी पट जास्त असते आणि ती वजा केल्याशिवाय दीर्घिका दिसत नाही. त्यातच याच रंगांत सीसीडीच्या सिलिकॉनच्या पातळ थरात प्रकाश मागे-पुढे परावर्तित होतो आणि चित्रावर पाण्यावरच्या तेलासारखे पट्टे उमटवतो. हे पट्टे घालवायचे तर एकसारख्या पांढऱ्या प्रकाशाचं चित्र घेऊन त्याने भागावं लागतं. वेधशाळेच्या भाषेत याला फ्लॅट म्हणतात. फ्लॅट दुपारी घेतलेला, दीर्घिका रात्री एक वाजता घेतलेली. मधल्या वेळात यंत्र अर्धा पिक्सेल जरी झुकलं, तरी दुपारचे पट्टे आणि रात्रीचे पट्टे एकमेकांवर बसत नाहीत. मग भागाकाराने डाग जात नाहीत, उलट नवे पडतात, आणि ते डाग पुढे संगणकावर कितीही सरकवले तरी पुसले जात नाहीत. म्हणून प्रकाश मुळातच योग्य पिक्सेलवर पडायला हवा.

तर आता दुपारकडे येऊ. वाक सावरणाऱ्या यंत्रणेला आपण काय शिकवतो? एकच गोष्ट: ठिपके कुठे असले म्हणजे ठीक आहे. ती जागा दाखवायला एक संदर्भ चित्र घ्यावं लागतं. पत्रा बसवायचा, ग्रेटिंग हव्या त्या तरंगलांबीला कलवायचं, फिल्टर लावायचा, फोकस बघायचा, मग कडेचा दिवा लावून दोन्ही छोट्या सीसीडींवर पाहायचं. ठिपके दोन्हीकडे आहेत का? इतके प्रखर तर नाहीत ना की पिक्सेल भरून वाहिले? इतके मंद तर नाहीत ना की संगणक गोंधळेल? आणि एक बाब घाईत हमखास राहून जाते: सावरणारा आरसा त्या क्षणी आपल्या हालचालीच्या मध्यावर आहे का? तो एका टोकाला टेकलेला असताना संदर्भ घेतला तर दुपारी काहीच बिघडलेलं दिसत नाही. रात्री यंत्र उलट बाजूला कललं की आरशाला पुढे जायला जागाच उरत नाही. मध्यावर असेल तर दोन्हीकडे सावरायला वाव राहतो.

संदर्भ ठरला की यंत्रणा चालू ठेवूनच फ्लॅट आणि दिव्यांचे वर्णपट घ्यायचे. दुसरा पत्रा, पुन्हा तेच. ग्रेटिंगचा कल बदलला, तर संदर्भ नवा. आणि माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं काम पाच मिनिटांचं आहे: यंत्र मुद्दाम दुसऱ्याच कोनावर लोळवायचं आणि ठिपके मूळ जागी परत येतात का हे डोळ्यांनी पाहायचं. पडद्यावर 'ठीक' असा हिरवा शब्द आला म्हणून विश्वास ठेवू नये. कारण ही यंत्रणा काटेकोर असली तरी तिला स्वतःचं मत नाही. फोकस लावण्याआधीच संदर्भ घेतला, किंवा ग्रेटिंग नंतर कुणी जरासं हलवलं, तर ती चुकीची जागासुद्धा पाव पिक्सेलच्या अचूकतेने रात्रभर राखून ठेवते. तक्रार करत नाही आणि सकाळी सगळी चित्रं अगदी नीटनेटकी दिसतात.

सगळीकडेच हा थाट परवडतो असं नाही. चिलीत पारानाल इथल्या युरोपीय दुर्बिणीवर एक्स-शूटर नावाचा वर्णपटलेखक दुर्बिणीच्या बुडाशी टांगलेला असतो. तो सतत सावरत नाही. नव्या ताऱ्याकडे वळल्यावर चित्रण सुरू करण्याआधी तो एका दिव्याचा ठिपका पाहतो आणि आपले तीन छोटे आरसे जुळवून घेतो. लांब चित्रण असेल तर साधारण तासातासाने पुन्हा. आपल्या पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवली इथे आयुकाची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. तिचा वर्णपटलेखकही बुडाशीच असतो. अशा मध्यम दुर्बिणींवर रूढ असलेली रीत सोपी आणि प्रामाणिक आहे: ताऱ्याचं चित्र झालं की दुर्बीण न हलवता त्याच स्थितीत लगेच दिव्याचं चित्र. वाक तेव्हा जितका असेल तितका दोन्ही चित्रांत सारखाच. किंमत मोजावी लागते ती रात्रीच्या मिनिटांत. मोठ्या दुर्बिणीवर ती मिनिटं फार महाग पडतात, म्हणून तिथे दुपार खर्ची घालतात.

शेवटी एक गोष्ट राहते, ती या यंत्रणेच्या आवाक्याबाहेरची आहे. प्रकाशतंतू फटींच्या पत्र्याला लागून असतात, त्यामुळे पत्र्यापासून पुढे जे काही वाकेल ते यंत्रणेला दिसतं. तारा फटीच्या बरोबर मध्यावर आहे की थोडा कडेला, हे तिला कळत नाही. तारा फटीत बाजूला सरकला की त्याच्या रेषाही सरकतात आणि आपल्याला तो वेग वाटतो. इथे मदतीला येते आपलीच हवा. वातावरणातला प्राणवायू ७,६०० अँगस्ट्रॉमजवळ ताऱ्याच्या प्रकाशात एक गडद खाच पाडतो. ती खाच पृथ्वीवरच पडलेली असल्याने तिला ताऱ्याचा वेग नसतो. ती जितकी सरकलेली दिसेल, तितका तारा फटीत ढळलेला.

जोशुआ सायमन आणि मार्ला गेहा यांनी २००७ मध्ये डायमॉस वापरून आपल्या आकाशगंगेभोवतीच्या आठ अत्यंत फिक्या दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचे वेग मोजले, ते ही खाच तपासूनच. वाक सावरलेला, फटीतला ढळ वजा केलेला, तरीही यंत्रामुळे उरणारी चूक त्यांनी सेकंदाला २.२ किलोमीटर धरली. म्हणजे एका पिक्सेलचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्या दीर्घिकांमधले तारे एकमेकांच्या तुलनेत किती वेगाने भिरभिरतात, याचं उत्तर आलं सेकंदाला ३.३ ते ७.६ किलोमीटर. दिसणाऱ्या मूठभर ताऱ्यांच्या वजनाला इतका वेग बांधून ठेवता येणं शक्य नाही, म्हणून तिथे न दिसणारं कृष्णद्रव्य ताऱ्यांच्या कितीतरी पट आहे हे मान्य करावं लागलं. यंत्र रात्रभरात एखादा पिक्सेल झुकू दिलं असतं तर चूकच १२ किलोमीटरची झाली असती आणि हे वेग त्यात कुठेच दिसले नसते.